एक चुकीचा रकाना आणि ८५ लाख संगणक बंद : प्रोग्रामरनं मेमरीचं गणित का शिकावं?

१९ जुलै २०२४. देशातल्या काही विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले जात होते. जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळी स्क्रीन दाखवून ठप्प झाले होते. हा सायबर हल्ला नव्हता, तर क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या अपडेटमधली चूक होती.

प्रोग्रामला २० मूल्यं मिळाली होती, पण नव्या नियमानं त्याला २१ वं मूल्य तपासायला सांगितलं. ते नव्हतंच. प्रोग्राम हद्दीबाहेरची मेमरी वाचायला गेला आणि कोसळला.

सातारा-सांगलीत कॉम्प्युटर इंजिनिअरिंग किंवा बीसीए करणारी मुलं ऑपरेटिंग सिस्टिम हा पेपर 'पास होण्यापुरता' वाचतात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. कोड एआय लिहून देतो, मग हे कशाला, असाही प्रश्न असतो. म्हणून आधी विषय समजून घेऊ.

हळदीचं पेव आणि संगणकाची मेमरी

सांगलीजवळच्या हरिपूरमध्ये हळद जमिनीखालच्या पेवांमध्ये साठवली जायची. समजा, कुठलं पेव कुणाचं याची नोंद एका वहीत आहे. संगणकाची रॅम म्हणजे अशी पेवं, आणि ही वही सांभाळणारी ऑपरेटिंग सिस्टिम.

व्यापाऱ्यानं माल नेला पण पेव परत केलं नाही, तर ते अडकून पडतं. हे झालं मेमरी लीक. पेव दुसऱ्याला दिल्यावरही पहिला जुनी पावती दाखवून आत उतरला, तर ती 'यूज आफ्टर फ्री' नावाची चूक. आणि आपली पेवं सोडून शेजारचं उघडलं, तर हद्द ओलांडली. क्राउडस्ट्राइकच्या बाबतीत हेच घडलं.

प्रत्यक्षात व्यवस्था आणखी एक पाऊल पुढे आहे. प्रोग्रामला खरा पत्ता कधीच दिला जात नाही. त्याला आभासी पत्ते मिळतात आणि ते खऱ्या रॅममध्ये कुठे आहेत, हे पेज टेबल सांगतं. त्यामुळे एक ॲप सहसा दुसऱ्याच्या मेमरीत शिरू शकत नाही. शिरायचा प्रयत्न केला, तर ऑपरेटिंग सिस्टिम तेवढं ॲप बंद करते.

मग अख्खा संगणक का पडला?

कारण ती चूक साध्या ॲपमध्ये नव्हती. सुरक्षा सॉफ्टवेअरचा तो भाग कर्नलमध्ये, म्हणजे वही सांभाळणाऱ्याच्याच खोलीत चालत होता. तिथे गोंधळ झाला, तर पुढचं नुकसान टाळण्यासाठी पूर्ण यंत्रणा थांबवणं हाच मार्ग उरतो. निळी स्क्रीन म्हणजे तेच.

अशा चुका विरळ नाहीत. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये सांगितलं होतं, की दरवर्षी दुरुस्त कराव्या लागणाऱ्या सुरक्षा त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीशी संबंधित असतात. अँड्रॉइडमध्ये नवा कोड रस्टसारख्या सुरक्षित भाषांत लिहायला सुरुवात झाल्यावर हे प्रमाण २०१९ मधल्या ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आलं. लिनक्स कर्नलमध्येही डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासून रस्टला जागा मिळाली आहे.

'आम्ही तर जावा-पायथन लिहितो'

या भाषांमध्ये गार्बेज कलेक्टर असतो. तो वापरात नसलेली मेमरी मोकळी करतो. पण 'वापरात नाही' हे तो संदर्भांवरून ठरवतो. एखाद्या यादीत जुन्या नोंदी टाकतच राहिलं, तर त्या वापरात आहेत असंच त्याला वाटतं. सर्व्हरची मेमरी भरत जाते आणि शेवटी लिनक्सचा 'ओओएम किलर' एखादी प्रोसेस मारून टाकतो. लॉगमध्ये फक्त 'किल्ड' दिसतं. कारण शोधायचं कसं, हे सिद्धांत माहीत असलेल्यालाच कळतं.

मोबाइल ॲपवाल्यांनाही सूट नाही. पेजचा आकार वर्षानुवर्षं ४ केबी धरला जायचा. अँड्रॉइड १५ पासून १६ केबी पेजही चालतात. त्या आवृत्तीसाठी बनवलेल्या नव्या ॲपना आणि अपडेटना १ नोव्हेंबर २०२५ पासून प्ले स्टोअरवर ही सोय बंधनकारक झाली. ज्यांच्या ॲपमध्ये सी किंवा सी++ लायब्ररी होत्या, त्यांना पेज म्हणजे काय, हे शिकावंच लागलं.

नेमकं काय शिकावं?

• प्रोसेस आणि थ्रेडमधला फरक, स्टॅक आणि हीप, आभासी मेमरी, पेज फॉल्ट.
• सी भाषेत मेमरी स्वतः मागून परत करणारे छोटे प्रोग्राम. ते मुद्दाम बिघडवून व्हॅलग्रिंडनं चूक पकडणं.
• लिनक्सवर 'टॉप', 'फ्री' आणि 'एसट्रेस' वापरून चालू प्रोग्राम काय करतोय, हे बघणं.
• एमआयटीची 'एक्सव्ही६' ही शिकण्यासाठी बनवलेली छोटी ऑपरेटिंग सिस्टिम. तिचा कोड मोफत वाचता येतो.

यासाठी पुण्याला जावं लागत नाही. जुन्या लॅपटॉपवरही लिनक्स चालतं. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात तर विद्यार्थ्यांचाच लिनक्स युजर्स ग्रुप आहे.

एआयनं लिहिलेला कोड चालतो तोपर्यंत प्रश्न येत नाही. तो रात्री दोन वाजता बंद पडला की फोन माणसालाच येतो. त्या वेळी आत काय घडतंय हे सांगू शकणारा आणि नुसता सर्व्हर रीस्टार्ट करणारा, यांच्यातला फरक कॉलेजच्या नावावरून ठरत नाही. 'पास होण्यापुरत्या' वाचलेल्या त्या पेपरवरून ठरतो.