वकिलीचे कर्ज आणि वकिलाची पहिली कमाई

बी. ए. झाल्यावर एल्एल. बी. करावे, असे आपल्या महाविद्यालयातील पुष्कळांच्या मनात असते. उच्च न्यायालयाचे खंडपीठ तर १९८१ पासून आपल्याच शहरात आहे. अडते ते पैशापाशी. मी शैक्षणिक कर्जाची चौकशी करायला एका बँकेत गेलो, तेव्हा साहेबांनी विचारले, "वकील झाल्यावर पगार किती मिळेल?" मला उत्तर देता आले नाही.

कर्जाच्या सरकारी सोयी नाहीत, असे मुळीच नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या 'पीएम विद्यालक्ष्मी' योजनेत यादीतील संस्थांत प्रवेश मिळाल्यास तारण व जामीनदार लागत नाही. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत मिळते. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर मान्यताप्राप्त संस्थेतील व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षणकाळातील व्याज केंद्र सरकार भरते. पण ही सवलत शिक्षण संपल्यावर एका वर्षाने थांबते आणि हप्ते सुरू होतात.

खरी मेख येथेच आहे. सनद घेतलेल्या वकिलाला पगार नसतो. बार कौन्सिलच्या नियमानुसार वकिली चालू ठेवून त्याला पूर्णवेळ नोकरीही करता येत नाही. सीनिअरच्या हाताखाली पहिली काही वर्षे फायली वाहण्यात आणि तारखा घेण्यात जातात. ज्युनिअरला शहरात दरमहा वीस हजार व ग्रामीण भागात पंधरा हजार द्यावेत, असे बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचविले. पण ती शिफारस आहे, सक्ती नव्हे.

आपल्या शहरात मिलिंद महाविद्यालय उभे करणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची हकीकत आठवावी. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा गेले, ते पगारातली शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज यांच्या बळावर. बॅरिस्टर होऊनही १९२५ ते १९२८ या काळात संसारासाठी त्यांना बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवावा लागला. त्यांची ही स्थिती, तर पैठण-कन्नडच्या शेतकऱ्याच्या मुलाचे काय?

उपाय अगदीच नवा नाही. १९६३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्ती योजनेत बिनव्याजी कर्ज मिळे आणि पुढे शिक्षक होणाऱ्याला त्यातला काही भाग माफ होई. अमेरिकेतही २००७ च्या कायद्याने, दहा वर्षे लोकसेवेत राहून हप्ते भरणाऱ्याचे उरलेले सरकारी कर्ज माफ होते. मग तालुका न्यायालयात गरिबांसाठी विधी साहाय्याचे काम करणाऱ्या तरुण वकिलाला वर्षागणिक काही कर्जमाफी का नसावी? निदान सनद मिळाल्यानंतर तीन वर्षे तरी हप्ते थांबवावेत.

कर्ज फेडायचे नाही, असे आम्ही म्हणत नाही. पण कमाईच्या आधी हप्ता आला, तर गरिबाचा मुलगा वकिली सोडून नोकरी धरील आणि काळा कोट पुन्हा ऐपतवाल्यांच्याच अंगावर राहील. मग गरिबाची बाजू कोर्टात मांडायची कोणी? विद्यार्थी मित्रांनो, अर्ज भरण्यापूर्वी व्याजाचा हिशेब नीट मांडा. आणि हा प्रश्न आपल्या आमदार-खासदारांपर्यंत जरूर न्या.