छातीवर भूत नाही, उचल बसली आहे!



दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातले तांडे-वस्त्या रिकाम्या होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, डोक्यावर मुकादमाची उचल. पहाटे फडात जायचं, रात्री-अपरात्री गाडी आली की मोळ्या भरायच्या. मग खोपीत पाठ टेकली की कुणाचे मध्येच डोळे उघडतात, पण हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही आणि छातीवर कुणीतरी बसलेलं असतं. सकाळी लोक म्हणतात, 'बाहेरचं झालंय.' देवऋषी उतारा सांगून कोंबडं आणि पैसे घेऊन जातो.

आम्ही म्हणतो, बाहेरचं काही नाही. शिकागोत 1953 साली शोध लागलेल्या स्वप्नांच्या झोपेत ब्रेनस्टेम स्नायूंना रोखून धरतो, म्हणून स्वप्नात धावलो तरी आपण अंथरुणातच राहतो. कधीकधी जाग आधी येते आणि हा ब्रेक नंतर सुटतो. स्वप्न उघड्या डोळ्यांसमोर चालूच राहतं. यालाच झोपेतला लकवा म्हणतात. आणि ते 'कुणीतरी'? 2006 साली स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी अपस्माराच्या एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूत, कानाच्या वरच्या-मागच्या भागात सौम्य वीज सोडली. तिला पाठीशी कुणी असल्याचं जाणवलं. ती तिच्याच शरीराची सावली होती!

'आत्मा देहाबाहेर पडतो' म्हणणाऱ्या शिकल्यासवरल्यांनीही हे वाचावं. 'मी' आणि 'माझा देह' ही जाणीव मेंदू क्षणोक्षणी जुळवतो. जुळणी चुकली की भूत दिसतं. धम्माला विज्ञानाच्या शिक्क्याची गरज नाही. पण बाबासाहेबांनी आत्मा नाकारला तो उगाच नाही. त्यांच्याच तसबिरीखाली गंडा बांधून घेणाऱ्या आमच्या माणसांना आमचा सवाल आहे: 1956 ला आपण काय सोडलं होतं?

पण नुसत्या देवऋषीला शिव्या देऊन आम्ही थांबणार नाही. अपुरी, तुटक झोप हे या लकव्याचं एक मोठं कारण. ही झोप कोण मोडतं? उचल फिटलेली नसते, म्हणून रात्रीच्या गाडीला नाही म्हणता येत नाही. एक दिवस आजारी पडलं तर खाडा कापतात. डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवायला मारहाण करणाऱ्याला तो पकडतो. झोप लुटणाऱ्याला कोण पकडणार?

वारंवार असं होत असेल तर डॉक्टरकडे जा, देवऋषीकडे नको. आणि कारखान्याच्या दारात एकत्र येऊन मागा: भरणीची वेळ ठरवा, रात्रीची झोप द्या, आजारपणाचा खाडा बंद करा. भूत लिंबानं उतरत नाही, संघटनेनं उतरतं.