मेरिट म्हणे मेरिट!

दिवाळीत मूलला घरी गेलो होतो. पुण्याहून निघताना ठरवलं होतं, चार दिवस लॅपटॉप उघडायचा नाही. अर्थात उघडावा लागला. चुलतबहीण बारावीला आहे, तिला वकील व्हायचंय आणि क्लॅट तोंडावर आलेली. "दादा, हे जरा पाहून दे ना," म्हणत तिनं सराव पेपर पुढ्यात टाकला.

मी म्हटलं, त्यात काय, आपण इंजिनीअर! घड्याळ लावून बसलो. १२० मिनिटं, १२० प्रश्न, चुकलं की पाव मार्क कट. प्रश्न तसे अवघड नाहीत हो. पण साडेचारशे शब्दांपर्यंतचा उतारा, त्यावर चार-सहा प्रश्न, की लगेच पुढचा उतारा. हिशेब केला (सवय, दुसरं काय!). दोन तासांत नऊ-दहा हजार इंग्रजी शब्द वाचायचे आणि त्यातच उत्तरंही द्यायची. सहा वर्षं रोज इंग्रजीत मेल लिहिणारा मी, तरी माझे २० प्रश्न राहिले. ती मराठी माध्यमातली. म्हणाली, "मले उतारा समजते दादा, पण तोवर टाइम संपून जाते."

मग एक गंमत केली. कायद्याच्या विभागातला एक उतारा तिला तोंडी मराठीत सांगितला. ह्या विभागात कायदा पाठ असावा लागत नाही. नियम उताऱ्यातच दिलेला असतो, तो प्रसंगाला लावायचा. पाचपैकी पाच बरोबर! वर "शेजाऱ्यानं आपला धुरा कोरला तेव्हा बाबाचं असंच झालं होतं ना," हे उदाहरण तिनं स्वतःहून जोडलं. आता सांगा, ह्या पोरीला कायद्याची बुद्धी नाही म्हणायचं की इंग्रजी वाचनाचा वेग नाही म्हणायचं? आणि क्लॅट यातलं नक्की काय मोजते?

लगेच कुणीतरी म्हणणार, उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे, मग इंग्रजी नको का? हवी ना! पण पाच वर्षांचा कोर्स आहे, तिथे शिकवा की. मीही इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी मागच्या बाकावर डिक्शनरी घेऊन बसायचो. एमबीबीएस इंग्रजीतच शिकवतात, तरी नीट मराठीत देता येते. जेईई मेनही २०२१ पासून मराठीत आहे. इतकंच काय, राज्याची विधी सीईटी इंग्रजी-मराठी दोन्हीत असते. मग मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांचंच घोडं कुठे अडलंय? तिथे राज्यातल्या मुलांसाठी राखीव जागा आहेत, पण वाट त्याच इंग्रजी पेपरातून जाते. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका झाली, बार कौन्सिलनंही इतर भाषांना पाठिंबा दिला. पेपर अजून इंग्रजीतच.

आणि महाराष्ट्रातल्या खालच्या कोर्टांची भाषा १९९८ पासून मराठी आहे. मूलच्या कोर्टात उभं राहणाऱ्या माणसाला मराठी वकील लागतो.

मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? आमच्या भागाशिवाय त्या विद्यापीठांचा अभ्यासक्रम पुरा होत नाही. मथुरा प्रकरण घ्या. १९७२, देसाईगंजचं पोलीस ठाणं, तेव्हा आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यातलं. आदिवासी मुलगी, आरोपी पोलीस. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयानं त्यांना सोडलं, नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार ह्या चौघांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर आंदोलन झालं आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. वनहक्क शिकायचे तर गडचिरोलीचं मेंढा-लेखा आहेच, सामूहिक वनहक्क मिळवणारं पहिलं गाव. म्हणजे आमच्यावर घडलेलं वर्गात चालतं. ज्यांच्यावर घडलं त्यांची पोरं वर्गात यायची तर आधी मिनिटाला ८० शब्द!

शमनाद बशीर नावाच्या प्राध्यापकांनी २०१० मध्ये 'इडिया' ही संस्था काढली ती ह्याचसाठी, की वंचित घरांतली मुलं ह्या विद्यापीठांत पोचावीत. २०१९ मध्ये ते गेले. काम सुरू आहे. पण एका संस्थेनं किती पोरांना हात द्यायचा? नुसत्या फॉर्मचेच चार हजार लागतात, अनुसूचित जाती-जमातींना आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना साडेतीन हजार. ही सवलत! क्लासची फी ऐकून काका पानाला चुना लावत गप्प बसले.

पेपर डिसेंबरात, नागपूरला. तेव्हा आमच्याकडे धान कापून पुंजणे लागलेले असतात, घरात एक माणूसही मोकळा नसतो. काकू म्हणाली, "वकील तं मूलच्या कोर्टातबी हायेत, ते तं मराठीतच बोलतेत. मंग हे इंग्रजी कायले?"

मला उत्तर सुचलं नाही. सध्या रोज रात्री साडेनऊला फोनवर तिच्यासाठी घड्याळ लावतो. काल तिचे ३१ प्रश्न राहिले. परवा ३८ राहिले होते.