पुन्हा त्याच दारात

निवडणुकीला पहिल्यांदा उभा राहणारा उमेदवार आणि मुलगी पाहायला आलेला मुलगा, दोघांचेही काम त्या मानाने सोपे. दोघांचीही क्रियापदे भविष्यकाळातली. हे करीन, ते आणीन! खरी परीक्षा दुसऱ्या खेपेला असते. मुदत संपलेली असते, ‘करीन’चे ‘केले’ झाले की नाही हे सारी आळी जाणून असते, आणि तरीही त्याच दारात उभे राहून पुन्हा मत मागायचे असते. त्याला छाती लागते.

ही छाती मी पाहिली ती न्यू जर्सीत. दिवाळीच्या सुमारास लेकीकडे गेले होते. चकलीचा पहिला घाणा तळून होतो न होतो तोच दारावरची घंटा वाजली. दारात साठी उलटलेल्या एक बाई, हातात वही, छातीला नावाची चकती. लेक म्हणाली, “आई, या आमच्या काउंटीच्या कमिशनर. परत उभ्या राहिल्यात.”

कमिशनर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे दिव्याची मोटार आणि पट्टेवाला आला! पण तिकडचा हा कमिशनर सरकारने नेमलेला अधिकारी नव्हे, लोकांनी निवडून दिलेला सभासद. न्यू जर्सी राज्यात अशा २१ काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेची लांबची बहीण म्हणा ना. काउंटीचे रस्ते, पूल, बागा, तुरुंग हे तिच्या पदरात. कमिशनर तीन वर्षांसाठी निवडायचा. बहुतेक काउंट्यांत सगळ्यांची मुदत एकदम संपत नाही. थोड्या थोड्या जागांची पाळी येत राहते, त्यामुळे नोव्हेंबर जवळ आला की कोणी ना कोणी दारात असतेच. शेरीफसुद्धा तिथे तीन वर्षांनी लोकांपुढे जातो.

या सभासदांचे जुने नावही मोठे मजेदार होते. ब्रिटिश अमदानीपासून त्यांना ‘फ्रीहोल्डर’ म्हणत. म्हणजे स्वतःच्या मालकीची, निर्वेध जमीन असलेला. आपल्याकडे गावात मिरासदार वेगळा आणि उपरी वेगळा असे, तशातलाच प्रकार. ज्याची जमीन त्याचा मान. बायकांना, काळ्या लोकांना आणि भूमिहीनांना त्या शब्दात जागा नव्हती. काळ बदलला, पण पाटी मात्र तीच राहिली. अखेर १ जानेवारी २०२१ पासून ते नाव जाऊन ‘कमिशनर’ आले.

तर त्या बाईंना लेकीने आत घेतले, चकली पुढे केली आणि लगेच विचारले, “मागल्या खेपेला म्हाताऱ्यांच्या गाडीचं बोलला होता. तिचं काय झालं?”

या प्रश्नामागे आमच्या विहीणबाई होत्या. काउंटीची म्हाताऱ्या माणसांसाठी गाडी आहे, पण त्या भागात ती आठवड्यातले ठरलेले दोनच दिवस येई, आणि विहीणबाईंच्या डॉक्टरांचा दिवस नेमका तिसरा! त्यांना मोटार चालवता येत नाही. सुनेने रजा काढल्याशिवाय उंबरठा ओलांडायची सोय नाही. पुण्यात ज्या बाईने पन्नास वर्षे एकटीने मंडई केली, ती तिथे दुसऱ्याच्या रजेची वाट पाहत बसलेली.

बाईंनी वही मिटली. “नाही झालं,” त्या म्हणाल्या. “पैसे एकाच कामाला पुरत होते. पूल की गाडी असा प्रश्न आला. मी स्वतः पुलाच्या बाजूने मत दिलं.”

स्वयंपाकघरात तेल तेवढे चुरचुरत होते. लेक रोज त्याच पुलावरून कामाला जाते, त्यामुळे तिची जरा पंचाईत झाली. मग विहीणबाई मराठीत म्हणाल्या, “पूल छान झालाय म्हणतात. पण मला तो बघायला नेणार कोण?” लेकीने त्याचा तर्जुमा केला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी वही पुन्हा उघडली, डॉक्टरांचा वार लिहून घेतला, आणि या खेपेला कसलेही वचन न देता शेजारच्या घरी गेल्या. पुढे त्या निवडूनही आल्या. लेकीने मत कुणाला दिले ते तिने सांगितले नाही, मीही विचारले नाही.

एवढ्यावरून तिकडे सारे रामराज्य आहे असे मात्र समजू नका. न्यू जर्सीत पक्षाच्या पुढाऱ्यांनी पसंत केलेल्या उमेदवारांची नावे प्राथमिक निवडणुकीच्या मतपत्रिकेवर एका रांगेत छापण्याची चाल होती. त्या रांगेत जागा मिळाली की निम्मी लढाई जिंकल्यासारखीच. मग दारोदार हिंडायची गरज ती काय? मार्च २०२४ मध्ये एका फेडरल न्यायालयाने डेमोक्रॅटिक पक्षाच्या निवडणुकीपुरती ही मांडणी थांबवली आणि २०२५ साली कायदाही बदलला. हिशेब द्यायची टाळाटाळ करण्याची युक्ती सगळीकडे सापडते. फक्त तिची तऱ्हा निराळी.

आपली तऱ्हाही पाहा. राखीव जागांची सोडत निघते आणि आजचा खुला वॉर्ड पुढल्या खेपेला राखीव होतो. राखीव जागा हव्यातच. महाराष्ट्रात निम्म्या जागा स्त्रियांच्या झाल्या म्हणून तर कित्येक जणी सभागृहात पोचल्या. पण चिठ्ठी फिरली की सभासद शेजारच्या वॉर्डात जातो आणि त्याचा हिशेब आपल्याच गल्लीत पडून राहतो. कधी कधी तर निवडणूकच होत नाही. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली, त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासकाचा कारभार होता. प्रशासक कितीही कामसू असला, तरी पुन्हा मत मागायला तो काही आपल्या दारात यायचा नाही.

तेव्हा आपल्या हातात काय? एक गोष्ट आहे. लेकीला तीन वर्षांपूर्वीचे बोलणे आठवत होते, म्हणून त्या बाईंना खरे उत्तर द्यावे लागले. आपल्याला मात्र मागल्या निवडणुकीतले फटाके आठवतात, वचने आठवत नाहीत. लक्ष्मीपूजनाला वह्या पुढे मांडाल, तेव्हा दूधवाल्याच्या आणि वाण्याच्या हिशेबाशेजारी एक पान वॉर्डासाठी कोरे ठेवा. नळाचे कोणी काय कबूल केले, गटाराचे काय, दवाखान्याचे काय, तारखेसकट लिहा. मते मागायला कोणी आले की चहा जरूर द्या. पण आधी ते पान काढा.