वाडीला फाटक नसते

आफ्रिकेच्या सहलींच्या जाहिराती आता मराठी वर्तमानपत्रांतूनही दिसू लागल्या आहेत. सिंह, जिराफ आणि त्यांच्या जोडीला 'मसाई खेड्याची भेट'. केनियात मसाई माराच्या कडेला अशी खेडी आहेत. प्रवेशाचे पैसे भरावेत, लाल वस्त्रे पांघरलेले तरुण उंच उड्या मारीत नाचतात ते पाहावे, शेणाने लिंपलेल्या झोपडीत डोकवावे, मण्यांची एखादी माळ घ्यावी आणि तासाभरात मोटारीत येऊन बसावे. इथिओपियात ओमो नदीच्या खोऱ्यात मुर्सी नावाची जमात राहते. तिच्या स्त्रिया खालच्या ओठात मातीची चकती घालतात. तेथे छायाचित्रागणिक पैसे मोजावे लागतात. पुष्कळांना हा लोभीपणा वाटतो, मला वाटत नाही. ज्याचा चेहरा, त्याने किंमत सांगितली तर त्यात वावगे काय? मसाई खेड्यांबद्दलची तक्रार तर उलटीच आहे. प्रवेशाच्या पैशांतला मोठा वाटा पाहुणे घेऊन येणारे चालक आणि दलालच खातात, असे तेथले लोक वर्षानुवर्षे सांगत आले आहेत.

आपल्या मुरुडकरांना आफ्रिका इतकी परकी नाही. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने जंजिऱ्यात जाणाऱ्या प्रत्येकाला वाटाड्या सांगतो की, हा किल्ला सिद्दींचा. सिद्दी पूर्व आफ्रिकेतून आलेले. हबश म्हणजे आजचा इथिओपिया, म्हणून आपल्याकडे त्यांना हबशी आणि त्यांच्या मुलखाला हबसाण म्हणत. १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत येथे त्यांचे राज्य होते. समुद्राकडे तोंड केलेला नवाबाचा राजवाडा आजही खाजगी मालमत्ता आहे. पर्यटक रस्त्यावरून त्याचे कळस पाहतात, फाटक बंद दिसते, आणि ते पुढे जातात. नवाबांचे स्वयंपाकघर दाखवा, ते जेवायला कसे बसतात ते पाहू द्या, असा हट्ट कोणी धरीत नाही.

आता गुजरातेत गीरच्या जंगलात चला. तेथे जांबूर गावीही सिद्दीच राहतात. त्यांचेही पूर्वज आफ्रिकेतून आले, पण यांच्या वाट्याला राज्य आले नाही. सरकारदप्तरी ते अनुसूचित जमात आहेत. बाबा गोर या पिराच्या भक्तीतून आलेले त्यांचे धमाल नृत्य सिंह पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोर रात्री केले जाते. त्यात उंच उडवलेला नारळ डोक्यावर फोडतात. त्यातून त्यांना चार पैसे मिळतात, काही कलावंत परदेशीही जाऊन आले, हे मी नाकारीत नाही. मला प्रश्न पडतो तो वेगळाच. मूळ एक असताना एकाच्या दारी फाटक आणि दुसऱ्याच्या अंगणात प्रेक्षक, हे कशाने ठरले? चालीरीतींनी तर नक्कीच नाही.

हे सारे सुचण्याला कारण एक पत्रक. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ते आमच्या कोळीवाड्यात वाटले गेले. समुद्रस्नान, जंजिरा, फणसाडचे अभयारण्य आणि शेवटी 'आदिवासी पाड्यावर पारंपरिक जीवनाचे दर्शन'. लिहिणारा बाहेरगावचा असावा हे 'पाडा' या शब्दावरूनच कळते. पाडे डहाणू-जव्हारकडे. आमच्याकडे वाडी म्हणतात, कातकरवाडी. दर छापले होते : मोठ्यांसाठी इतके, मुलांसाठी निम्मे, जेवणासह. वाडीला त्यातले काय मिळणार याची ओळ त्यात नव्हती.

कातकरी म्हणजे खैराच्या लाकडापासून कात काढणारे. कात गेला, जंगलावर सरकारी बंधने आली, नाव तेवढे उरले. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड अशा तीनच जमाती सरकारने अतिमागास म्हणून वेगळ्या नोंदल्या आहेत. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीवाल्याची उचल बहुधा आधीच घेतलेली असते आणि ती फेडण्यात हंगाम जातो. नेमका हाच आपल्या किनाऱ्यावरचा पर्यटनाचा हंगाम! म्हणजे पत्रकातले पारंपरिक जीवन पाहायला येणाऱ्यांना दिसणार ती बंद झोपडी, एखादी म्हातारी आणि तिच्या राखणीला ठेवलेली दोन पोरे. नाचायला तरुण हवे असतील तर ते भट्टीवर विटा थापताहेत. त्यांचे खरे आजचे जीवन तेथे आहे, आणि तेथे सहल नेण्याचे कोणाच्या मनात येणार नाही.

आमच्या कोळीवाड्यातही लोक छायाचित्रे काढतात. बोंबील वाळत घातलेल्या वलांडीसमोर आजीला उभी राहा म्हणतात. आजीला वाटले तर ती राहते, नाही तर असे काही सुनावते की माणूस कॅमेरा मिटून चालू लागतो. आजीला हे जमते, कारण घर तिचे आहे आणि हाकेसरशी चार घरे बाहेर येतात. कातकरवाडीचे तसे नाही. कित्येक वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या किंवा वनखात्याच्या जमिनीवर उभ्या आहेत. घराखालची जमीन नावावर नाही. जमीनमालकच पाहुणे घेऊन आला तर 'येऊ नका' म्हणायचे कोणी?

नाही म्हणता न येणाऱ्यांचे काय होते ते अंदमानात दिसले. जारवांना १९५६ च्या नियमनाने संरक्षण आहे, तरी त्यांच्या राखीव जंगलातून गेलेल्या हमरस्त्यावर पर्यटकांच्या मोटारींची रांग लागत असे. खाण्याच्या आमिषाने जारवा स्त्रियांना नाचायला लावल्याची चित्रफीत २०१२ साली इंग्लंडमधील वृत्तपत्राने उघड केली, तेव्हा देशभर ओरड झाली. कायदा होता, पण रस्ता उघडा होता.

यावर आमचे काही मित्र म्हणतात की, मग आदिवासींकडे जायचेच नाही का? त्यांना चार पैसे मिळू द्यायचे नाहीत का? जावे की! अकोले तालुक्यातील पुरुषवाडी या महादेव कोळ्यांच्या गावी पावसाच्या तोंडावर काजवे पाहायला लोक जातात. पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरतात, वाटाड्या गावचा, स्वयंपाक गावचा. तेथे लोकांजवळ शेते आहेत, घरे आहेत. फरक तेथूनच पडतो.

आपल्याकडेही करता येईल, पण वाडी दाखवू नये, जंगल दाखवावे. फणसाडचे रान एके काळी नवाबांची शिकारीची राखीव जागा होती. १९८६ साली अभयारण्य झाले. शेकरूचे घरटे कोणत्या झाडावर, पाण्याचे गाण कोठे, शेवळे कोठे उगवतात, कुठली भाजी कडू आणि कुठली विषारी, हे कातकऱ्याइतके कोणाला ठाऊक आहे? पावसाळ्याच्या सुरुवातीस बाजारात रानभाज्या घेऊन बसणाऱ्या बाया आपण रोज पाहतो, आणि दोन रुपयांसाठी घासाघीस करतो. त्यांना रानात वाटाड्या म्हणून नेमावे, रोज आधी ठरवून द्यावा. मग पाहुणा त्यांच्यामागून चालेल आणि विचारील. घरी बोलवायचे की नाही हे त्यांचे त्या ठरवतील.

पण त्याआधी घराखालच्या जमिनीचा प्रश्न सुटायला हवा. वनहक्क कायदा २००६ चा आहे, गावठाण वाढवण्याची तरतूद आहे, मग अडते कोठे हे ग्रामसभेत विचारता येते. फक्त दिवस पाहून विचारावे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला वाडीची माणसे भट्टीवर असतात, १ मेलाही बरीचशी तिकडेच. १५ ऑगस्टला ती घरी असतात.