पाचनंतरचे महाविद्यालय

प्रथम वर्षाच्या स्वागत समारंभात एका पाहुण्या वक्त्यांनी सांगितले होते की, पदवी वर्गात मिळते, व्यक्तिमत्त्व मात्र वर्गाबाहेर घडते. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या बाकावरून मीही टाळ्या वाजवल्या. त्याला आता दोन वर्षे होत आली. ते वाक्य खोटे आहे असे मला म्हणायचे नाही; उलट ते किती खरे आहे हे मी अनुभवाने जाणते. परंतु त्यात एक गोष्ट सांगायची राहून गेली होती. वर्गाबाहेरचे हे महाविद्यालय सायंकाळी पाच वाजता सुरू होते, आणि आपल्यातले कितीतरी विद्यार्थी त्या वेळी बसच्या रांगेत उभे असतात.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे कॉलेज म्हणजे तास, टिपणवही आणि परीक्षा एवढीच माझी कल्पना होती. वाङ्मय मंडळ, वादविवाद, एकांकिका, भित्तिपत्रक हे शब्द मला सूचनाफलकाने शिकवले. पहिल्या महिन्यात तर मी प्रत्येक सूचना वहीत उतरवून घेत असे. ती वही अजून माझ्याजवळ आहे. सूचना कोणतीही असो, तिची शेवटची ओळ ठरलेली : सायंकाळी ५ वाजता, सभागृहात.

मी शेंद्र्याहून येते. शेंद्रा म्हटले की शहरातल्या लोकांना औद्योगिक वसाहत आठवते आणि जुन्या माणसांना चैत्रातली मांगीरबाबांची यात्रा. स्कोडाच्या मोटारी २००१ सालापासून आमच्याकडे तयार होतात. आम्ही जातो-येतो ते मात्र बसने किंवा काळ्यापिवळ्या जीपने. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वसाहतीतल्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला आहेत. एक आठवडा पहिली शिफ्ट, एक आठवडा दुसरी, एक आठवडा रात्रीची. फाट्यापासून आमच्या वस्तीपर्यंतच्या रस्त्यावर दिवे नाहीत. पहिली किंवा रात्रीची शिफ्ट असली की अण्णा संध्याकाळी मोटारसायकल घेऊन फाट्यावर येऊन थांबतात. दुसरी असली की येऊ शकत नाहीत आणि मला उजेड आहे तोवर घरी पोचावे लागते. म्हणजे माझे व्यक्तिमत्त्व दोन आठवडे घडते आणि तिसऱ्या आठवड्यात घडायचे थांबते!

हसू नका. गेल्या वर्षी युवक महोत्सवासाठी बसवलेल्या एकांकिकेत मला शेजारणीचे काम मिळाले होते. अकरा वाक्ये होती. ती मला बसमध्येच पाठ झाली. दोन आठवडे तालमी छान झाल्या. मग अण्णांना दुसरी शिफ्ट लागली आणि मी ओळीने सहा दिवस आले नाही. सातव्या दिवशी गेले तेव्हा शेजारीण वसतिगृहातली एक मुलगी झाली होती. दिग्दर्शन करणारा विद्यार्थी मला बाजूला घेऊन सौम्यपणे म्हणाला, "तुला आवड आहे, पण नियमितपणा नाही." त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. समोरचे पात्रच नसेल तर तालीम होणार कशी? पण ते वाक्य मला बरेच दिवस टोचत राहिले. सकाळचा पहिला तास मी क्वचितच चुकवला असेल. नियमितपणा माझ्यात नव्हता की घड्याळात नव्हता, हा प्रश्न मला तेव्हा त्याला विचारता आला नाही, म्हणून आज येथे विचारते आहे.

या प्रश्नाच्या मागे लागून मी ग्रंथालयात आपल्या शहराच्या शैक्षणिक इतिहासाची काही पुस्तके चाळली. तेथे मला एक गंमत दिसली. हैदराबाद संस्थानाच्या काळात, नोव्हेंबर १९३८ मध्ये, येथल्या इंटरमीजिएट कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणण्याचा आग्रह धरला आणि तेथून ती चळवळ हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोचली. अनेकांना शिक्षण सोडावे लागले. बरेच जण पुढे नागपूर विद्यापीठात गेले. ही ठिणगी पडली कोठे? तासाला नव्हे, वसतिगृहाच्या प्रार्थनेत. पुढे १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय काढले, तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक तेथे १९५५ साली खुद्द बाबासाहेबांसमोर झाले. नागसेनवनाच्या त्या परिसरात वर्गखोल्यांबरोबर वसतिगृहेही होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी तर साताऱ्यात १९२४ साली सर्व जातींच्या मुलांसाठी बोर्डिंग काढले आणि महाविद्यालय काढले १९४७ साली. आधी राहण्याची सोय, मग पदवी.

या थोरांनी काय ओळखले होते? माझ्या अल्प मतीप्रमाणे एवढेच, की गरिबाच्या मुलाला पुस्तकाइतकीच संध्याकाळ लागते. चार समवयस्कांत बसून वाद घालायला, भांडायला, गाणे बसवायला, चुकायला जी वेळ लागते ती घरच्या कामात आणि प्रवासात मिळत नाही. वसतिगृह म्हणजे नुसती खाट आणि जेवण नव्हे. ती मोकळी संध्याकाळ असते. आमच्यासारखे अप-डाऊन करणारे विद्यार्थी शुल्क तेच भरतात, परंतु त्यांना महाविद्यालय मिळते ते तीन वाजेपर्यंतचे.

तरीही मला जे मिळाले ते सांगितले नाही तर मी कृतघ्न ठरेन. आपले भित्तिपत्रक मधल्या सुट्टीत तयार होते. म्हणूनच केवळ मी त्यात आहे. माझे अक्षर बरे म्हणून सुरुवातीला मला दुसऱ्यांच्या कविता उतरवायचे काम मिळाले. चार-पाच अंक मी निमूटपणे ते केले. मग मार्गदर्शक सरांनी एकदा विचारले, "तुझे स्वतःचे काही नाही का?" मी घरी जाऊन चौदा ओळी लिहिल्या. कारखान्यांच्या बसगाड्या शिफ्ट सुटली की कामगारांना गावोगाव नेऊन सोडतात, मग महाविद्यालयाच्या कार्यक्रमांनी बसचे वेळापत्रक का पाहू नये, अशा आशयाचे ते टिपण होते. दुसऱ्या दिवशी त्याखाली कोणीतरी पेन्सिलीने लिहिले, "मग कंपनीतच जा ना!" मला रडू आले. तिसऱ्या दिवशी त्याखाली वेगळ्या अक्षरात आणखी एक ओळ होती : "मीपण जालना रोडचाच." ती कोणाची हे मला आजतागायत कळलेले नाही. पण लिहिले की कोणीतरी उत्तर देते, हे मला त्या फळ्याने शिकवले. बी. ए.च्या कोणत्याही पेपरात ते शिकायला मिळाले नसते.

वक्तृत्वाचा अनुभव निराळा. स्पर्धा दुपारी होती म्हणून नाव दिले. विषय पाणीटंचाई. मी 'पाणी' म्हणायला गेले आणि तोंडातून 'पानी' आले. पुढच्या रांगेत खसखस पिकली. त्यानंतरची माझी तीन मिनिटे 'न' आणि 'ण' यांच्यावर पहारा देण्यात गेली. मुद्दे सगळे निसटले. त्या दिवशी बसमध्ये मी ठरवले होते की पुन्हा व्यासपीठावर पाऊल ठेवायचे नाही.

तो निश्चय मोडला राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात. ही योजना गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांसह सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करावे आणि एकदा सात दिवसांच्या शिबिरात राहावे अशी तिची रचना आहे. सात दिवस आणि सात रात्री! अण्णांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "गाव झाडायला कालेजात जावं लागतं का, बाई? आपलं अंगण कुठं पळून गेलंय?" मला उत्तर सुचेना. शेवटी आईच म्हणाली, "जाऊ द्या तिला. माझं सारं आयुष्य अंगणातच गेलं." अण्णा पुढे काही बोलले नाहीत. सकाळी मात्र स्वतः फाट्यावर सोडायला आले आणि बसमध्ये मला जागा मिळेपर्यंत उभे राहिले.

शिबिराच्या गावात आमच्याकडे पाण्याच्या सर्वेक्षणाचे काम होते. छापील प्रश्नावली होती : 'आपल्या कुटुंबास पाणीपुरवठा किती दिवसांच्या अंतराने होतो?' शहरातल्या मैत्रिणीने हा प्रश्न वाचला की बायका पदर तोंडाला लावून एकमेकींकडे बघत. मी कागद खाली ठेवला आणि विचारले, "मावशी, पानी कव्हा येतं वो?" मावशींनी आम्हांला ओट्यावर बसवून घेतले आणि टँकर, विहीर, सरपंच, सून, सगळे एका दमात सांगितले. मैत्रिणीला लिहून घेताना पुरेवाट झाली. समारोपाला गावकऱ्यांसमोर अहवाल वाचायला सर्वांनी मला उभे केले. मी जसे येते तसेच बोलले. कोणी हसले नाही.

शिबिराला न जाता हे मला कळले असते काय? मुळीच नाही. आणि घरची परवानगी मिळाली नसती तर यात माझा दोष काय होता?

काही मित्र म्हणतात, इच्छा असली की मार्ग सापडतो. हे म्हणणाऱ्यांपैकी बहुतेक जण महाविद्यालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतात, असे माझे निरीक्षण आहे. इच्छेने रस्त्यावर दिवे लागत नाहीत. दुसरे काही जण म्हणतात की २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानंतर अशा उपक्रमांना श्रेयांक मिळू लागले, आता सगळेच भाग घेतील. श्रेयांक मिळतात हे चांगलेच. पण त्यामुळे सहीपुरते येणारे वाढले आहेत हेही मी पाहते. हजेरी मांडून लोक पाच मिनिटांत पसार होतात. ज्याला खरोखर थांबायचे आहे त्याची बस निघून जाते आणि ज्याला थांबता येते तो सही करून निघून जातो, अशी ही विचित्र स्थिती आहे.

माझे मागणे मोठे नाही. सर्वांसाठी वसतिगृह बांधा असे मी म्हणत नाही. ते एका प्राचार्यांच्या हातचे काम नव्हे. आठवड्यातून एक दिवस दुपारचे दोन तास वेळापत्रकातच मोकळे ठेवावेत आणि सर्व मंडळांच्या बैठका त्यांत घ्याव्यात. एकांकिकेच्या निदान अर्ध्या तालमी दुपारी व्हाव्यात. ज्या दिवशी संध्याकाळी थांबावेच लागेल त्या दिवशी एकाच रस्त्याने जाणाऱ्या मुलामुलींची यादी करून त्यांच्या जाण्याची व्यवस्था आधी ठरवावी. जालना रोडच्या यादीत पहिले नाव माझे घाला. दुसरे त्या पेन्सिलवाल्याचे असेल. आणि मुलींच्या घरी शिबिराविषयी एखाद्या बाईंनी फोन करून चार शब्द सांगितले तर फार मोठे काम होते. आमच्या घरी आईने ते केले. प्रत्येक घरात आईला तेवढे बोलता येतेच असे नाही.

शहरातल्या मित्रमैत्रिणींवर माझा राग नाही, हेही लिहिते. शेजारणीचे काम करणाऱ्या त्या मुलीने माझी अकरा वाक्ये माझ्यापेक्षा चांगली म्हटली. मी प्रेक्षकांत बसून तिच्याबरोबर ओठ हलवत होते.

यंदाही एकांकिका बसणार आहे असे ऐकते. मी नाव दिले आहे. अण्णांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपल्या शिफ्टचे आठवडे पेन्सिलीने मांडून दिले आहेत आणि दुसऱ्या शिफ्टच्या एका आठवड्यापुढे प्रश्नचिन्ह काढले आहे. सोबतच्या एका कामगाराशी शिफ्ट बदलून मिळते का, ते विचारून बघतो म्हणाले.