मधुमेही मुलांच्या हृदयाची काळजी

मधुमेह हा उतारवयाचा व सुखवस्तूंचा रोग, ही समजूत आपल्या समाजात इतकी रुजली आहे की, आठ-दहा वर्षांच्या मुलाला तो झाल्याचे सांगितले तर घरच्यांचा प्रथम विश्वासच बसत नाही. वस्तुतः बालवयातील पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचा खाण्यापिण्याच्या चैनीशी काडीचाही संबंध नाही. शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशींवर उलटते आणि मग इन्शुलिनच्या सुईवाचून त्या मुलाला जगता येत नाही. यंत्रमागावर वा विड्या वळून गुजराण करणाऱ्या सोलापूरच्या घरांनाही हा रोग वगळीत नाही.

१९२२ साली टोरांटो येथे एका चौदा वर्षांच्या मुलाला प्रथम इन्शुलिन टोचले गेले आणि अशा मुलांच्या डोक्यावरील तातडीच्या मृत्यूची तलवार दूर झाली. तथापि प्रश्न तेथे संपला नाही. रक्तातील वाढलेली साखर रक्तवाहिन्यांच्या अस्तराला हळूहळू इजा करीत राहते. मूल हसतखेळत असतानाच, काही मुलांमध्ये मानेतील रोहिणीची भिंत जाड झाल्याचे, तर काहींमध्ये हृदयाचा डावा कप्पा सैल पडण्यास विलंब लावीत असल्याचे तपासणीत आढळते. दहा वर्षांच्या आत हा रोग जडलेल्यांचे आयुष्य सरासरी स्त्रियांत सुमारे १८, तर पुरुषांत १४ वर्षांनी घटते, असे स्वीडनमधील २०१८ च्या अभ्यासात दिसून आले.

हे भवितव्य अटळ मात्र नाही. अमेरिका व कॅनडातील १४४१ रुग्णांच्या दीर्घ अभ्यासाचे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की, प्रारंभीच्या वर्षांत साखर काटेकोरपणे ताब्यात ठेवलेल्यांत हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार ४२ टक्क्यांनी कमी झाले.

जेथे इन्शुलिनचीच ददात, तेथे हृदयतपासणीची चैन कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. पण हृदयाचे पहिले औषध नियमित इन्शुलिन हेच होय. चाळीस अंशांच्या वरच्या सोलापुरी उन्हात ते नासू नये म्हणून, फ्रिज नसलेल्या घरी पाण्याने ओलसर ठेवलेले मातीचे मडकेही उपयोगी पडते. रक्तदाब मोजणे आणि वर्षातून एकदा कोलेस्टेरॉल तपासणे यांस मोठा खर्च लागत नाही. येथील शासकीय सर्वोपचार रुग्णालयाने या मुलांसाठी दिवस राखून हे काम नियमाने करावे; इकोची तपासणी गरज दिसेल तेथेच पुरे.

शिक्षकांचा वाटाही लहान नाही. वर्गात साखर तपासण्यास, इन्शुलिन घेण्यास व अधल्यामधल्या खाण्यास अशा मुलांना मुभा असावी, असे राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना कळविले आहे. ती मुभा नाकारली जाते, तेव्हा मूल लाजेपोटी सुई चुकवते आणि चुकलेल्या प्रत्येक सुईचा हिशेब त्याच्या हृदयाच्या खाती मांडला जातो. हे खाते वेळीच तपासणे, हे समाजाचे कर्तव्य आहे.